पाचवा टेका

वरची आळी टेकडीच्या माथ्यावर होती आणि तिथं पोचायला एकशे शहाऐंशी पायऱ्या होत्या. आराखडेबाईंनी त्या तीनदा मोजल्या होत्या, कारण पहिल्या दोन वेळी आकडा जुळला नाही. बाईंचा स्वभावच तसा. कार्यालयातली बाकीची मंडळी जिथं ‘अंदाजे’ लिहून मोकळी होत, तिथं बाईंचा जीव अडकून राही. नगरपालिकेच्या नियोजन विभागात वीस वर्षं गेली, तरी ‘हे असं का?’ हा प्रश्न काही त्यांच्या जिभेवरून उतरला नव्हता. साहेब त्याला खोड म्हणत.

आळीचा पुढच्या दहा वर्षांचा आराखडा करायचं काम त्यांच्याकडे आलं, तेव्हा साहेबांनी सांगितलं होतं की लोकांना विचारून करा असा वरून आदेश आहे. तेव्हा तीन सभा घ्या, सह्या घ्या आणि महिनाअखेर कागद द्या. आराखडा खरं म्हणजे तयारच होता. आळीत गाडी जात नाही, आजारी माणसाला खुर्चीत बसवून चौघांनी पायऱ्यांवरून खाली न्यावं लागतं, म्हणून पायथ्यापासून रस्ता काढायचा. त्यात नऊ घरं जायची होती. दुसरा मार्ग कार्यालयाला दिसला नव्हता.

पहिल्या सभेला अकरा माणसं आली, दुसरीला सहा, तिसरीला चार. त्यातला एक झोपलेला. बोललेल्या प्रत्येकानं उभं राहून घसा खाकरला, पाणी, रस्ता, शाळा असं म्हटलं आणि खाली बसला. नऊ घरांतलं कुणीच आलं नव्हतं.

त्या दिवशी बाई घरी आल्या त्या हिरमुसल्या होऊन. नवरा फिरतीच्या नोकरीवर, त्यामुळे घरात बोलायला सासूबाईच. सासूबाईंनी आयुष्यभर टपाल कचेरीत खिडकीवर बसून माणसं वाचली होती. सगळं ऐकून घेत त्या भाजी निवडत राहिल्या.

“खोटं नाही बोलत गं ते,” त्या म्हणाल्या. “पण पाठ केलेलं बोलतात. खिडकीपाशी आलं की माणूस तेवढंच बोलतो, जेवढं खिडकीतून आत जाईल.”

हे वाक्य बाईंच्या डोक्यात घर करून बसलं.

दुसऱ्या दिवशी त्या सभागृहाची किल्ली परत करायला गेल्या. किल्ली शेजारच्या शिंपीणकाकूंकडे असे. काकू पासष्टीच्या, बारीक चणीच्या आणि तोंडाच्या फटकळ. तीस वर्षं त्या एका फिरत्या नाटक मंडळीचे पोशाख शिवत होत्या. मंडळी मोडली, तशा तीन ट्रंका घेऊन आळीत येऊन राहिल्या आणि आता लोकांचे कपडे उसवून नीट करून देत. झोपलेला माणूस वगळता तिसऱ्या सभेतलं बोलणं त्यांनी खिडकीतून सगळं ऐकलं होतं.

“तुम्ही काय हवं म्हणून विचारता,” काकू दोरा दातानं तोडत म्हणाल्या, “आणि उभं राहून माणूस फक्त गाऱ्हाणं सांगतो. त्याला सोंग द्या. दुसऱ्याचा कोट अंगात घातला की माणसाची भीड चेपते. मी किती मुखदुर्बळांना राजा झालेलं बघितलंय.”

दुसरं कुणी असतं तर हसून किल्ली ठेवून गेलं असतं. बाईंनी स्टूल ओढलं आणि विचारलं, “म्हणजे नेमकं कसं?”

काकूंनी सांगितलं ते असं. सभागृहातल्या खुर्च्या काढून टाकायच्या. जमिनीवर खडूनं आळी काढायची, पायऱ्या, नळ, घरं, सगळं. मग दहा वर्षांनंतरचा एक साधा दिवस खेळायचा. अट एकच, स्वतःचं काम कुणी करायचं नाही. आणि बोलावताना सभा म्हणायचं नाही, नाटकाची तालीम म्हणायचं.

तालमीला बावन्न माणसं आली. बाईंना खरं वाटेना. नऊ घरांतली एकूण एक आली होती, काही तर नुसती ट्रंकांत काय आहे ते बघायला. आळीतला सुतार खडूच्या रेघांवर लाकडी ठोकळे मांडत होता. त्याला सगळे सुतारमामा म्हणत. अंगानं आडदांड, पण बोलणं असं की शब्दांना भाडं पडतं की काय वाटावं. तिन्ही सभांना तो मागच्या भिंतीला टेकून बसलेला बाईंना आठवत होता. एकदाही तोंड उघडलं नव्हतं.

पोशाख वाटले गेले. शाळेतल्या शिक्षकानं दाईची शाल घेतली, नळ दुरुस्त करणारा नववधू झाला आणि पदर सावरताना स्वतःच लाजला. ट्रंकेच्या तळाशी काळा कोट निघाला. तो थोरलीनं उचलला.

थोरली म्हणजे धुण्याच्या बायकांची म्होरकी. आळीतल्या चौदा बायका पायथ्याच्या रुग्णालयातल्या चादरी वर आणत, धुऊन, वाळवून, घड्या करून परत नेत. थोरलीनं कोट चढवला, कानामागे पेन खोचलं आणि म्हणाली, “मी आराखडेबाई.”

तिनं बाई अशा काही उभ्या केल्या की सभागृह हसून लोळायला लागलं. मान तिरकी करून ऐकणं, वहीवर पेन दोनदा टकटक करणं, आणि कुणी काहीही म्हणो, घर पडतंय म्हणो की आई वारली म्हणो, त्याच गोड आवाजात “नोंद घेतली आहे हं” म्हणणं. बाईंचे कान तापले. आपण असं म्हणतो? रोज? त्यांना उठून जावंसं वाटलं. मग त्यांच्या लक्षात आलं की नऊ घरांतला एक म्हातारा, जो सभेला फिरकला नव्हता, तो या खोट्या बाईंपुढे खऱ्या रडवेल्या आवाजात सांगत होता की घर गेलं तर जाऊ दे, पण तुमच्या रस्त्यावरून गाडी येईपर्यंत शेजारी कोण उरेल, मला खुर्चीत घालून न्यायला? खऱ्या बाईंना हे कुणी तीन सभांत सांगितलं नव्हतं. त्या जागेवरच बसून राहिल्या.

“आता बाईंनी धुणेवाली व्हायचं,” काकूंनी फर्मान काढलं.

चादरींचं गाठोडं बाईंच्या डोक्यावर आलं. थोरलीनं कोट न काढताच त्यांची मान सरळ केली, हात कुठं धरायचा ते दाखवलं आणि बाकीच्या बायकांनी चढणीचं गाणं धरलं. ते गाणं त्यांच्या आज्यांपासून चालत आलेलं होतं. पायऱ्या चढताना ओझं टेकवून दम खायची जी जी जागा, तिला बायका टेका म्हणत, आणि गाण्यात टेके ओळीनं बांधलेले होते:

*पहिला टेका कठड्याला गं, दुसरा टेका दिव्याला,*
*टेक गडणी घडीभर, दम घे तुझ्या जिवाला.*
*तिसरा टेका नळावरी, चौथा गार सावलीला,*
*पाचवा टेका वाऱ्यावरी, गूज सांग माउलीला.*

सपाट फरशीवर चालून काय कळणार, थोरली म्हणाली. खरं चढायचं तर उद्या दुपारी या.

बाई गेल्या. सुती साडी, जुन्या चपला आणि डोक्यावर अठरा ओल्या-सुक्या चादरी. साठाव्या पायरीशी त्यांच्या पोटऱ्या बोलू लागल्या, शंभराव्याला त्या गप्पच झाल्या. पण कळत मात्र होतं. कठड्याशी बायका थांबल्या, ओझं कठड्यावर टेकलं. दिव्याच्या खांबाशी चौथरा होता. मग नळाचं दगडी टाकं, मग जुन्या झाडाखालचा रुंद कट्टा. गाण्यातला टेका आला की पायांना जागा मिळे. कुणीतरी पावलं मोजून गाणं शिवल्यासारखं. बाई दम लागलेला असतानाही मनात म्हणत होत्या, अरे, ही तर मोजणीच आहे.

मग पाचवा आला. एकशे चाळिसाव्या पायरीच्या आसपास, जिथं डाव्या हाताला बंद पडलेल्या सूतकारखान्याची उंच भिंत पायऱ्यांना घासून जाते, तिथं बायकांनी “पाचवा टेका वाऱ्यावरी” म्हटलं, चाल जराशी मंद केली, गाठोडं डोक्यावरून कमरेवर घेतलं, आणि न थांबता तशाच वर गेल्या. बाई थांबल्या. मागून येणारी बाई त्यांच्यावर आदळली.

“इथं का नाही टेकायचं?” बाईंनी विचारलं.

“इथं टेकायला आहे काय? भिंत आहे.”

“मग गाण्यात का आहे?”

“गाण्यात आहे म्हणून आहे,” थोरली म्हणाली. “माझी आई इथंच ओझं कमरेवर घ्यायची. आता चला, मागं खोळंबा झालाय.”

बाईंचा मात्र जीव भांड्यात पडेना. पुढचे चार दिवस त्यांनी ज्याला त्याला विचारलं. एक आजी म्हणाली, यमक जुळवायला घातलं असेल. शिक्षक म्हणाले, पाचवा टेका म्हणजे माथाच, दुसरं काय? पण माथ्याला वाऱ्याची काय नवलाई. तिथं तर सगळीकडेच वारा. आणि भिंतीपाशी वाऱ्याचं नाव नव्हतं. भर दुपारी बाई एकट्याच जाऊन त्या भिंतीसमोर उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळानं त्यांना दिसलं की सात-आठ फुटांच्या एका पट्ट्यात विटा जरा वेगळ्या होत्या, लहान आणि घाईनं लावल्यासारख्या.

कार्यालयाच्या तळघरात जुने नकाशे गुंडाळून ठेवलेले असत. दीड दिवस शिंका देत बाईंनी ते उलगडले. कापडावर चिकटवलेला एक नकाशा निघाला, कारखान्याची भिंत व्हायच्या आधीचा. त्यावर पायऱ्या होत्या, आणि बरोबर त्या जागी पायऱ्यांपासून एक तुटक रेघ निघून टेकडीच्या कुशीतून सपाट जात होती, ती थेट मागच्या गाडीरस्त्याच्या वळणापर्यंत. सार्वजनिक पायवाट. कारखान्यानं भिंत घातली तेव्हा ती बुजली आणि माणसं बदलली तशी विसरली गेली. गाण्याला मात्र कुणी सांगितलं नव्हतं की वाट बंद झाली आहे.

वळणापर्यंत गाडी आजही येते, बाईंनी मनात हिशेब केला. वळणापासून पायऱ्यांपर्यंत सपाट वाटेनं किती? चारशे पावलं, आणि तिथून आळीपर्यंत उरतात त्या जेमतेम पंचेचाळीस पायऱ्या. कारखान्याची जमीन तर नगरपालिकेच्याच ताब्यात आलेली. मग नऊ घरं पाडायची कशाला?

साहेबांनी नकाशा बघितला, मग बाईंकडे बघितलं. “गाण्यावरून रस्ता काढला म्हणून वर काय लिहू?” ते म्हणाले. पण नकाशा त्यांनी टेबलावरच ठेवून घेतला आणि विचारलं की वळणाच्या टोकाला आता काय आहे. नव्या नकाशात तिथं एक चौकोन होता, ‘कच्चं बांधकाम’ एवढंच लिहिलेला. बाई म्हणाल्या, जाऊन बघते. त्याआधी आळीच्या लोकांना सांगायला हवं, कारण शोध त्यांच्याच गाण्यानं लावला होता.

दुसऱ्या तालमीला सभागृहात उभं राहायला जागा नव्हती. बाईंनी फरशीवर खडूनं ती तुटक रेघ ओढली आणि वळणापाशी चौकोन काढला. लोकांत कुजबुज झाली, मग गलका. आता हाच दिवस खेळायचा, काकू म्हणाल्या. भिंत फुटली, वाट उघडली, आजारी माणसाला घेऊन जायचंय. कोण काय होणार?

“मी भिंत होतो,” सुतारमामा म्हणाला.

सगळे हसले. एवढा मोठा माणूस, आणि मागितलं काय तर न बोलायचं काम. काकू मात्र हसल्या नाहीत. त्यांनी ट्रंकेतलं राखाडी कापड काढून त्याच्या खांद्यांवर टाकलं आणि त्याला खडूच्या रेघेवर आणून उभं केलं.

थोरली कोटात होती. बाई गाठोडं घेऊन बायकांच्या रांगेत होत्या. गाणं सुरू झालं, कठडा झाला, दिवा, नळ, सावली झाली. पाचव्या टेक्याला रांग मामासमोर येऊन थांबली. मामानं बाजूला व्हायचं होतं. तो हलला नाही.

काही क्षण लोकांना वाटलं, विसरला.

“मला पाडायचं तर पाडा,” मामा म्हणाला. आवाज इतका हळू की मागचे पुढे झुकले. “भिंतीला काय. पण माझ्या मागं, वाटेच्या त्या टोकाला, एका माणसाचं दुकान आहे. त्याच्या बापानं वाट मेली म्हणून वाटेवरच छपरी घातली. कागद नाही त्याच्याकडे. तो रोज एवढ्या पायऱ्या उतरतो, रस्त्यानं वळसा घालून दुकानात जातो, आणि दुपारी मागच्या दारी बसून जेवतो. तिथं वारा असतो. गाण्यात म्हणतात तसाच. त्याला सगळं ठाऊक होतं. सांगितलं नाही. त्याची आई खुर्चीतून खाली नेताना गेली, शंभराव्या पायरीला, तरी सांगितलं नाही.”

बाईंच्या तोंडाशी शब्द आले होते, भरपाई, पर्यायी जागा, नियम. पण डोक्यावर गाठोडं होतं आणि सोंगात त्या धुणेवाली होत्या. थोरलीचा हात सवयीनं वहीवर टकटक करायला उचलला गेला होता.

“नोंद,” ती म्हणाली आणि थांबली. वही तिनं काखेत मारली. “मामा, दुकान रुंदीला किती आहे?”

“नऊ फूट.”

“आणि आजाऱ्याला न्यायला किती लागतात?”

कुणालाच नेमकं माहीत नव्हतं. मग माहीत करून घेतलं. ठोकळे सरकवून नऊ फुटांचं दुकान मांडलं, करवतीचं टेबल म्हणून बाक ठेवलं, लाकडाच्या थप्पीच्या जागी ट्रंका. दाराची फळी काढून तिच्यावर शिक्षकांना आडवं केलं आणि चौघांनी उचललं. पहिल्या खेपेला शिक्षकांचं डोकं करवतीला लागलं असतं. दुसऱ्या खेपेला बाक आडवं फिरवलं, पाय अडकले. म्हाताऱ्यानं सुचवलं, थप्पी बाहेर काढा. थप्पी निघाली आणि फळी पार झाली, दोन्ही बाजूंनी वीतभर जागा राखून. मामा स्वतःच्या दुकानातून आजारी माणूस जाताना बघत होता, खांद्यावरचं कापड तसंच. पाचव्या-सहाव्या खेपेला तोही पुढे झाला आणि म्हणाला, बाकाचं हे टोक मी चार बोटं कापतो, म्हणजे कोपर लागणार नाही.

थप्पी कुठं ठेवायची हे त्याच संध्याकाळी ठरलं. कारखान्याच्या फाटकाशी पहारेकऱ्याची रिकामी खोली होती, ती मामाला लाकडासाठी मागायची. आणि दुकानातली वाट सोडून उरलेली जागा त्याच्या नावावर करायची. बाईंनी घरी जाऊन आराखडा पुन्हा लिहायला घेतला. रस्ता काढून टाकला. नऊ घरं नकाशावर परत आली. शेवटी परिशिष्ट म्हणून त्यांनी तीन गोष्टी जोडल्या: कापडी नकाशाची प्रत, फळीच्या खेपांची मापं आणि गाण्याच्या चार ओळी.

साहेबांनी गाणं काढायला सांगितलं. बाईंनी विचारलं, “का?” साहेबांना पटकन कारण सापडेना, म्हणून ते राहिलं.

पुढचं सगळं काही गोडीगुलाबीनं झालं असं नाही. मंजुरीला अकरा महिने लागले. शाळेची मागणी मागे पडली ती पडलीच. मामाच्या कागदासाठी थोरलीला सात वेळा कार्यालयात यावं लागलं. दर वेळी ती काळा कोट घालूनच यायची आणि शिपाई उठून उभा राहायचा. भिंत फुटली त्या सकाळी आत कमरेएवढं गवत निघालं. मामा कोयता घेऊन पुढे, बायका मागे, त्यांच्या मागे बाई आणि बाईंचा हात धरून सासूबाई, ज्यांना घरी थांबायला सांगून काही उपयोग झाला नव्हता. मध्यावर दोन दगडी बाकं सापडली, मातीत अर्धी रुतलेली. खालची दरी तिथून अख्खी दिसत होती आणि वारा एवढा होता की सासूबाईंना पदर दोन्ही हातांनी धरावा लागला. थोरलीनं एका बाकावरची माती हातानं पुसली. बसली मात्र नाही. दरीकडे बघत म्हणाली, “माझ्या आजीनं इथं काय काय सांगितलं असेल, आणि कुणाला?”

बाईंनाही तेच विचारायचं होतं. पण त्याचं उत्तर कुठल्या तळघरात मिळणार नव्हतं.

त्या वाटेनं पहिल्यांदा नेलं ते शिंपीणकाकूंना. स्टुलावरून पडून त्यांचा घोटा मोडला होता. गाडी वळणाला आली, चौघांनी त्यांना उचललं, मामानं दुकानाची दोन्ही दारं सताड उघडून धरली. सगळं मिळून सहा मिनिटं लागली. त्यातली पाच मिनिटं काकू पावलं जुळत नाहीत म्हणून चौघांना शिव्या देत होत्या.